टूरिंगसाठी सॅडलबॅग, पेट्या की नुसती टेल बॅग? दोघांचं सामान आणि विदर्भातले रस्ते

दारव्हा_क्लासिक

नमस्कार मंडळी. गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, २०२१ नंतरचं मॉडेल, मागे बायको. दिवाळीनंतर पाच दिवसांचा बेत आहे: अमरावती, परतवाडा, चिखलदरा, सेमाडोह, हरिसाल, धारणी आणि परत. पुढच्या जूनमध्ये चंद्रपूर, आष्टी, आलापल्ली, भामरागड. म्हणजे एकदा थंडी आणि घाट, एकदा उकाडा आणि पहिला पाऊस. सामान बांधायची सोय एकदाच करायची आहे.

दुकानदार अल्युमिनियमच्या पेट्याच घ्या म्हणतो. कापडी सॅडलबॅगचा पावसात कितपत भरवसा? सायलेन्सरच्या बाजूची बॅग भाजते का? गावात वेल्डिंगवाला चांगला आहे, त्याच्याकडून स्टे, म्हणजे बॅग धरून ठेवणारी लोखंडी चौकट, बनवून घेतला तर टिकेल का? तपशिलात सांगा, घाई नाही.

वजनकाटा_अकोला

भाऊ, पिशवी कोणती हे सगळ्यात शेवटी ठरवा. आधी किती वजन न्यायची मुभा आहे ते काढा. मॅन्युअलमध्ये कमाल भार दिलेला असते. नुसतं एकूण वजन दिलं असेल तर त्यातून कर्ब वजन वजा करा. क्लासिकचं कर्ब वजन १९५ किलो आहे, तेल आणि जवळपास भरलेली टाकी धरून.

समजा भार १६५ किलो निघाला. चालवणारा ७५, मागची ६०, दोघांची हेल्मेट, जॅकेट, बूट मिळून १०. झाले १४५, उरले २०. या वीस किलोत रॅकही मोजायचा आणि पेटीही मोजायची, इथंच लोक चुकतात. अल्युमिनियमची पेटी रिकामी असतानाच चार ते सहा किलोची, तिचा रॅक पाच किलोच्या आसपास. दोन पेट्या आणि रॅक मिळून पंधरा किलो गेले, सामानाला राहिले पाच. टूलकिट आणि दोन बाटल्या पाणी ठेवलं की संपलं. कापडी जोडी तीन-चार किलोची, साधा स्टे तीन किलोचा. तिथं सामानाला तेरा किलो हाती लागतात. दोघं जण असाल तर ३५० सीसीच्या गाडीवर हा हिशेबच निर्णय देऊन टाकते.

लिटरच्या मागे लागू नका. दोन्ही बाजू मिळून ४० ते ५० लिटर आणि वरून २०-२५ लिटरची गोल टेल बॅग, एवढ्यात दोघांचे पाच दिवस आरामात निघतात. मोठी बॅग घेतली की ती भरल्याशिवाय राहवत नाही.

वजन कुठं ठेवता हे किती ठेवता याच्याइतकंच महत्त्वाचं. जड वस्तू खाली आणि पुढे, मागच्या सीटच्या रेषेत. टूलकिट, ट्यूब, पाणी, चेन लुब बाजूच्या बॅगेच्या तळाशी, पुढच्या कोपऱ्यात. वरच्या टेल बॅगेत फक्त हलकं आणि फुगीर सामान: जॅकेट, पांघरूण, रेनकोट. मागच्या चाकाच्या आसाच्या मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होते आणि ७०-८० च्या पुढे हँडल हलायला लागते. बऱ्याच टॉप बॉक्सच्या प्लेटवर तीन ते दहा किलोची मर्यादा छापलेली असते. लोक ती वाचत नाहीत आणि ४५ लिटरच्या डब्यात पंधरा किलो कोंबतात.

पेटीवाला_नागपूर

अकोलेकरांचा हिशेब दोघांसाठी बरोबर आहे. पण एकटा माणूस असेल तर पेटीला सरसकट नाही म्हणू नका. मागची सीट रिकामी म्हणजे साठ-सत्तर किलो मोकळे. कुलूप लागतं, ढाब्यावर जेवायला बसलं की बॅगांवर डोळा ठेवावा लागत नाही, पावसात आत थेंब जात नाही. कॅमेरा किंवा लॅपटॉप न्यायचा असेल तर मी पेटीच सांगेन.

दोन गोष्टींचं भान मात्र हवं. एक म्हणजे रुंदी. दोन पेट्यांची बाहेरून बाहेर रुंदी हँडलच्या रुंदीपेक्षा जास्त नको, कारण पुढचं हँडल जिथून निघतं तिथून मागचं सगळं निघेल असं डोकं आपोआप धरून चालतं. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीतून कापूस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. अशा ट्रॉलीच्या शेजारून एकेरी डांबरी रस्त्यावर निघताना चार इंचांनी फरक पडतो. दुसरं म्हणजे पाय. खडीवर किंवा चिखलात गाडी हळू वेगात आडवी होते तेव्हा पाय खाली टेकलेला असतो, आणि टणक पेटी पोटरीवर मागून येते. कापडी बॅग दबते, पेटी दबत नाही. कच्च्या रस्त्यांवर जास्त जाणं असेल तर हे एकच कारण कापडी घ्यायला पुरेसं आहे.

नियमही सांगून ठेवतो. २०२० च्या दुरुस्तीनुसार दुचाकीवरचा हलका डबा लांबीला ५५० मिमी, रुंदीला ५१० मिमी आणि उंचीला ५०० मिमी यांपेक्षा मोठा चालत नाही. मागच्या सीटच्या जागेवर बसवला तर फक्त चालक, सीटच्या मागे बसवला तर दुसरी व्यक्ती चालते. नंबर प्लेट, टेल लाइट आणि इंडिकेटर झाकले जाता कामा नयेत, मग बॅग कापडी असो की पेटी.

लोखंडकाम_मूर्तिजापूर

स्टेबद्दल सांगतो, कारण खरं काम त्याचंच आहे. स्टे नसलेली सॅडलबॅग म्हणजे सीटवरून टाकलेली झोळी. वळणावर आत येते, गतिरोधकावर उडते. उजवीकडे सायलेन्सरला लागते, डावीकडे चेन आणि स्पोकमध्ये जायची भीती. डाव्या बाजूला साडी गार्ड थोडा आधार देते, म्हणून तो काढू नका. मागचं चाक निम्मं झाकलं पाहिजे असं नियमातही आहे.

तुमच्या मॉडेलचा तयार स्टे मिळत असेल तर तोच घ्या, बोल्टची भोकं जुळलेली असतात. गावात बनवायचा असेल तर असं करा.

सुरुवात पुठ्ठ्याने करा. बॅग भरून तिचा आकार जाड पुठ्ठ्यावर काढून कापा आणि तो पुठ्ठा गाडीला चिकटपट्टीने लावा. आता दोघंही बूट घालून गाडीवर बसा आणि दाबून पाहा. सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर पुठ्ठा टायरपासून, शॉकच्या स्प्रिंगपासून आणि सायलेन्सरपासून किती राहते ते पाहायचं. सायलेन्सरपासून निदान पाच सेंटिमीटर मोकळी हवा पाहिजे. ही मापं घेतल्याशिवाय पाइप कापायचा नाही.

पाइप एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा, बाहेरून १६ मिमी, जाडी २ मिमी. जाडी कमी घेतली तर वाकवताना चपटा होते. टोकं हातोड्याने चपटी करून त्यातच भोक पाडायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, तिथूनच स्टे तुटते. चपट्या भागाच्या कडेला लोखंड आधीच ताणलेलं असते, खड्ड्यांच्या हादऱ्यांनी तिथं चीर जाते. त्याऐवजी पाइपच्या टोकाला ५ मिमी जाडीच्या पट्टीचा कान वेल्ड करा आणि कोपऱ्यात छोटा त्रिकोणी तुकडा द्या.

आधार तीन ठिकाणी हवा: शॉकचा वरचा बोल्ट, मागच्या ग्रॅब रेलचे (मागे बसणाऱ्याने धरायच्या दांडीचे) बोल्ट, आणि मागच्या फूटरेस्टचा ब्रॅकेट. दोनच ठिकाणी धरलेला स्टे आत-बाहेर डुलते. डावा आणि उजवा स्टे नंबर प्लेटच्या मागून आडव्या पाइपने जोडा. हा आडवा पाइप वजनाला अर्धा किलोसुद्धा नाही, पण त्याच्याशिवाय दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलतात आणि सगळा ताण ग्रॅब रेलच्या बोल्टवर येते.

चेसिसला किंवा सबफ्रेमला वेल्डिंग करू देऊ नका, कोणी कितीही समजावलं तरी. तिथलं लोखंड तापून कमजोर होते, आणि बॅटरी जोडलेली असताना वेल्डिंग केलं तर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जाऊ शकते. सगळं बोल्टवरच.

बोल्ट एम८, डोक्यावर ८.८ लिहिलेले. शॉकच्या बोल्टवर कानाची ५ मिमी जाडी वाढली की नटला आटे कमी पडतात. नट पूर्ण बसून पुढे निदान दोन आटे दिसले पाहिजेत, नाहीतर तेवढाच लांब बोल्ट त्याच ग्रेडचा आणा. एम८ला साधारण २५ न्यूटन-मीटर टॉर्क, पण गाडीचे मूळ बोल्ट मॅन्युअलच्या आकड्यावरच कसा. निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आट्यांना लावायचा गोंद, लावा. लाल नको, ते रस्त्यात पान्याने सुटत नाही.

पावडर कोटिंग सगळी भोकं पाडून झाल्यावर. पाइपच्या सगळ्यात खालच्या वळणात ३ मिमीचं एक भोक ठेवा, आत साचलेलं पाणी निघून जाते.

पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासायचा. वेल्डिंगच्या कडेला केसासारखी गंजाची रेघ दिसली तर ती चीर आहे, रंग लावून झाकू नका.

मागची_सीट

दारव्हेकर दादा, बॅग बसवताना मागे बसणाऱ्या माणसाला विचारलंच जात नाही, म्हणून लिहिते.

पुठ्ठा लावाल तेव्हा ताईंना त्यांच्या नेहमीच्या बुटांत बसवा आणि फूटरेस्टवर पाय ठेवायला सांगा. बॅगेची पुढची कड पोटरीपासून चार बोटं लांब हवी. कड पोटरीला टेकली तर अर्ध्या तासात पाय पुढे ओढून बसावं लागतं, मग गुडघे चालवणाऱ्याच्या कमरेत, मग दोघांची पाठ. टाच मागे सरकायलाही जागा हवी, नाहीतर टाच बॅगेवर घासून कापड आणि बूट दोन्ही जातात.

सॅडलबॅगचे दोन रुंद पट्टे मागच्या सीटवरून जातात. ते सीटच्या खालून घ्या, वरून नाही. क्लासिकची मागची सीट बोल्टवर निघते, पट्टे टाकून परत बसवता येते. वरून घेतले तर पट्ट्याची कडा मांडीखाली येते आणि लांबच्या प्रवासात ती जागा बधिर होते. खालून घेताना पट्टा सीटच्या लॉकमध्ये किंवा वायरिंगवर दबत नाही ना हे बघा.

टेल बॅग इतकी पुढे नको की बसणाऱ्याला टाकीकडे ढकलेल, आणि इतकी मागे नको की सगळी टेल लाइटच्या पलीकडे लटकेल. पाठीला टेकेल आणि हात मागे नेऊन ग्रॅब रेल धरता येईल, अशी जागा शोधा. आणि चढायची पद्धत ठरवून घ्या. टेल बॅग बांधल्यावर पाय मागून टाकता येत नाही. चालवणाऱ्याने दोन्ही पाय टेकून गाडी सरळ धरायची, बसणारीने डाव्या फूटरेस्टवर उभं राहून पाय आडवा न्यायचा. स्टँडवर गाडी असताना तसं चढू नका, सगळा भार साइड स्टँडवर येतो.

दारव्हा_क्लासिक

लय उपयोगाचं सांगितलं सगळ्यांनी. वीस किलोचा हिशेब मी केलाच नव्हता. म्हणजे कापडी जोडी, स्टे आणि छोटी टेल बॅग हे ठरलं. आता कापड कोणतं? दुकानात कोणी ६०० डी म्हणते, कोणी १६८० डी, आणि वॉटरप्रूफ तर सगळ्याच म्हणतात.

ताडपत्री_गोंदिया

'डी' म्हणजे डेनियर, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. एवढंच. त्यावरून पाणी थांबेल की नाही हे कळत नाही. ६०० डी पॉलिस्टर टेल बॅगेला चालते. बाजूच्या बॅगेला १००० डी नायलॉन किंवा १६८० डी घ्या, कारण खालून खडी लागते आणि स्टेवर घासणी होते. घासणी जिथं होते तिथं, म्हणजे पाठीला आणि तळाला, आणखी एक जाड थर शिवलेला आहे का ते हात घालून पाहा.

पाणी थांबवते ते कापडाच्या आतलं कोटिंग आणि शिवण. पीयू कोटिंग काही वर्षांत चिकट होऊन पापुद्रे सुटतात. बंद कपाटात दमट ठेवलं तर लवकर. शिवणीला भोकंच असतात, आतून टेप नसेल तर पाणी शिवणीतून येणारच. खरी वॉटरप्रूफ बॅग म्हणजे पीव्हीसी किंवा टीपीयू कापडाची, शिवण उष्णतेने जोडलेली आणि तोंड गुंडाळायचं. तोंडाच्या निदान तीन घड्या पडल्या पाहिजेत. त्यासाठी बॅग पाऊण भागच भरायची. गळ्यापर्यंत भरली की एकच घडी बसते आणि मग दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही.

बॅगेच्या चेनवर, म्हणजे झिपवर, विसंबू नका. रबरी दिसणारी चेन पाणी उडवते, अडवत नाही. आणि पाऊस फक्त वरून येत नाही. मागचं चाक खालून आणि मागून चिखलाचं पाणी फेकते, ते रेन कव्हरच्या आत जाते. कव्हर वाटीसारखं धरून ठेवते, आणि बॅग त्यात बुडून राहते. कव्हरच्या सगळ्यात खालच्या जागी रिंग बसवलेलं भोक असलं पाहिजे. नसेल तर मोच्याकडून ८ मिमीची रिंग मारून घ्या. कव्हरला इलॅस्टिकशिवाय आडवा पट्टा पाहिजेच, नाहीतर ट्रकच्या वाऱ्याने ते निघून चाकात जाते.

माझं स्पष्ट मत: रेन कव्हरवाल्या महाग बॅगेपेक्षा मध्यम बॅग आणि आत वेगळी गुंडाळी तोंडाची पिशवी चांगली. मुक्कामाला पोचलं की आतली पिशवी उचलून खोलीत, चिखलाची बॅग गाडीवरच. दोन्ही बाजूंच्या आतल्या पिशव्या वेगळ्या रंगाच्या घ्या.

इथं एक सांगायलाच पाहिजे. खताच्या गोणीतलं आतलं प्लास्टिक फुकट मिळते म्हणून बरेच जण वापरतात. धुतलं तरी युरियाचा अंश घडीत राहते, तो हवेतलं पाणी ओढते, धातूच्या वस्तू गंजतात. आणि ज्या बॅगेतून कृषी केंद्रातून फवारणीचं औषध आणलं, ती बॅग प्रवासाला पुन्हा वापरूच नका. बाटलीचं झाकण थोडं झिरपलं तरी आतल्या फोमने शोषलेलं विष साबणाने निघत नाही, आणि त्याच बॅगेत नंतर पोळ्या आणि लेकराचे कपडे जातात. औषधासाठी वेगळी प्लास्टिकची बादली किंवा क्रेट.

विकत घेतल्यावर घरीच तपासा. आत कोरडे वर्तमानपत्र चुरगळून भरा, बॅग गाडीवर बांधा आणि नळीने दहा मिनिटं पाणी मारा. पाच मिनिटं वरून, पाच मिनिटं चाकाच्या बाजूने खालून. कागदावर ओल कुठं आली त्यावरून कळते गळती शिवणीतून आहे की तोंडातून. शिवणीची असेल तर आतून सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवायचा गोंद) दोन हात. तोंडातून असेल तर बॅग बदलून घ्या.

काळ्या मातीची धूळ बॅगेच्या चेनच्या दातांत बसली की चेन मधेच उघडते. कोरड्या टूथब्रशने झाडून मेणबत्ती घासा. तेल लावू नका, धूळ आणखी धरते.

आलापल्ली_रोड

भाऊ, बांधायचं कोणी बोललंच नाही. काहून की सगळं बॅगेवर घालवलं आणि बांधायला दहा रुपयाची हुकवाली रबर दोरी, असंच पाहायला भेटते.

ते हुकवालं इलॅस्टिक टेल बॅगेला वापरू नका. खड्ड्यात बॅग वर उडते, दोरी ताणते, हुक निसटते. निसटलेला हुक एकतर डोळ्याकडे येते नाहीतर चाकात जाते. आष्टी–आलापल्ली–सिरोंचा पट्ट्यात खड्डे असे लागतात की दर पाच-दहा मिनिटाला बॅग उडते. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घराजवळ ठीक आहेत, पण उन्हाने तडकतात. त्यांचा खरा उपयोग स्टे आणि बॅगेच्या मधात घासणी थांबवायला. पाइपवर गुंडाळून दोन्ही टोकाला टाय मारा.

२५ मिमी रुंदीचे कॅम बकल पट्टे, म्हणजे हाताने ओढून बकलात अडकणारे, घ्या, चार नग. दोन आडवे, दोन तिरपे फुलीत. दांडी हलवून कसायचे रॅचेटवाले नको, ते इतके कसतात की ग्रॅब रेल वाकते आणि बॅगेचं तोंड उघडते. पट्टा सरळ सपाट न लावता मधात एक पीळ द्या, वाऱ्यात फडफडत नाही. उरलेलं टोक गुंडाळून त्याच पट्ट्याखाली दाबा. लोंबकळणारं टोक म्हणजे चेनमध्ये जाणारं टोक, मंग मागचं चाक जाम.

सॅडलबॅगेला खाली दोन बांधण्या: पुढची मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला, मागची स्टेच्या खालच्या पाइपला. फूटरेस्टला नाही, ब्रॅकेटला. फूटरेस्ट दुमडते.

निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढा, सामान तोवर बसते. त्यानंतर दर चहाला हात लावून पाहा. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, म्हणून आपल्याला जुना रस्ता आणि गावोगावचे गतिरोधक. पट्टा ढिला करायला तेवढे पुरतात.

जूनमध्ये येऊन राहिले तर पर्लकोटा नदीच्या पाण्याची खबर घेऊनच भामरागडकडे निघा. ठेंगण्या पुलावरून पाणी चाललं असेल तर सामानाच्या गाडीने घुसू नका, बाजूच्या बॅगा पाण्याचा जोर अंगावर घेतात आणि गाडी आडवी ढकलली जाते. पाणी ओसरेपर्यंत थांबा.

आलापल्लीत टाकी भरून घ्या. तेरा लिटरच्या टाकीत जाणं-येणं होते, सोबत कॅन नको. नेणारच असाल तर धातूचा कॅन, वर थोडी जागा रिकामी, आणि बॅगेच्या बाहेर, सायलेन्सरच्या उलट्या बाजूला. बॅगेच्या आत पेट्रोल कधीच नाही.

गडमंदिर_रामटेक

चिखलदऱ्याला चालले म्हणून: माकडांना चेन उघडता येते. बाहेरच्या खिशात बिस्किट, केळी, कुरकुरीत पाकीट असलं की जाळी, कव्हर सगळं फाडतात. खाणं आतल्या पिशवीत, तोंड गुंडाळून, वास बाहेर येणार नाही असं. पॉइंटवर गाडी उभी करून दोघंही दरीकडे गेले की दोन मिनिटं पुरतात. रामटेकला तेच.

चंद्रपूर_४७

उकाड्याचं कोणी लिहिलं नाही. मे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जाणं नवीन नाही. उन्हात उभ्या गाडीवरची काळी बॅग किंवा बंद पेटी आतून त्याहून बरीच तापते.

पंक्चरचा स्प्रे, चेन लुबचा डबा, डिओ, सगळ्यांवर ५० अंशांच्या वर ठेवू नका असं लिहिलेलं असतं. बंद पेटीत ती मर्यादा सहज ओलांडते. चेन लुब छोट्या ड्रॉपर बाटलीत न्या. पंक्चरला स्प्रेऐवजी पॅच किट आणि पंप. पॉवर बँक बॅगेत चार्जिंगला लावून चालू नका, ती टँक बॅगेच्या जाळीच्या खिशात, थांबलं की सोबत. इन्सुलिन किंवा तशी औषधं असतील तर बाजूच्या बॅगेत अजिबात नको. पाण्याने गार राहणारी कापडी पाकिटं मिळतात, ती बंद बॅगेत नाही, सावलीत पण हवा लागेल अशा जागी, कारण पाणी उडालं तरच ती गार राहतात.

सायलेन्सरचं उत्तर: हो, भाजते. नायलॉन वितळून क्रोमला चिकटतं आणि बॅगेला भोक पडतं. पाच सेंटिमीटर अंतर चालू गाडीत पुरतं, पण घाटात हळू चढताना वारा लागत नाही आणि सायलेन्सर जास्त तापतो. उजव्या स्टेच्या खालच्या बाजूला पातळ अल्युमिनियमचा पत्रा लावा, पत्रा आणि बॅग यांच्यात एक सेंटिमीटर हवा ठेवून. पत्रा थेट बॅगेला चिकटवला तर तोच तापून बॅग भाजतो. उजव्या बॅगेच्या तळाशी मऊ किंवा वितळणारं काही ठेवू नका.

पांदणवाट_वरोरा

मधेच विचारतो, माफ करा. हिरोच्या एक्सपल्स २०० ला हेच लागू आहे का? सायलेन्सर वर आहे.

लोखंडकाम_मूर्तिजापूर

वर सायलेन्सर असला की उजवा स्टे तेवढा बाहेर काढावा लागते, आणि दोन्ही बाजूंची रुंदी सारखी राहत नाही. डावी बॅग मोठी, उजवी लहान घ्या, पण वजन सारखं ठेवा. जड आणि लहान वस्तू उजवीकडे, कपडे डावीकडे. पांदण रस्त्याने जाणं जास्त असेल तर स्टेची भानगड सोडून घोड्याच्या नालेच्या आकाराची एकसंध कापडी बॅग पाहा. ती सीटवर आणि दोन्ही बाजूंना एकत्र बसते, रॅक लागत नाही. उजव्या पायाखाली हीट शील्ड सोबत येते की नाही ते विचारून घ्या. फक्त एकट्यासाठी बरं का, मागे बसायला जागा उरत नाही.

वजनकाटा_अकोला

दारव्हेकर भाऊ, सामान बांधलं म्हणजे झालं असं नाही, गाडीही त्या वजनाला लावून घ्यावी लागते. निघायच्या आदल्या दिवशी हे करा.

हुकवाला लटकता काटा आणा, भाजीवाल्याकडे असते तसा. डावी बॅग, उजवी बॅग वेगवेगळी मोजा. फरक एक-दीड किलोच्या आत आणा. चुलते-मामा कोणीही हातात धरून सारखंच आहे म्हणाले तरी काट्यावरच ठेवा.

टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना, मॅन्युअलमधल्या मागे बसणाऱ्यासहच्या आकड्याला. दुपारी हवा वाढलेली दिसते म्हणून सोडू नका, रात्री तीच कमी पडते आणि वजनाखाली टायरच्या बाजू तापतात.

मागच्या शॉकचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, क्लासिकला सहा टप्प्यांचा आहे. टूलकिटमधल्या हुकपान्याने दोन्ही बाजू सारख्याच टप्प्यावर, दोघं आणि सामान असेल तर वरच्या दोनांपैकी एकावर. एक बाजू तिसऱ्यावर आणि दुसरी पाचव्यावर राहिली की गाडी एका अंगाने ओढते, आणि लोक बॅगेला दोष देतात. त्यानंतर चेनचा ढिलेपणा पाहा. भाराने गाडी स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्यावर, दबते तशी गाडीची चेन ताणते. मोकळ्या गाडीवर मॅन्युअलच्या कमी आकड्याला बसवली असेल तर भरल्या गाडीला ती टाइट पडते, बेअरिंगवर येते. मर्यादेतल्या ढिल्या बाजूला ठेवा.

हेडलाइट भिंतीवर पाहा. मागे वजन आलं की उजेड वर जाते, समोरच्याच्या डोळ्यात. दोघं बसून, सामान बांधून, एका पातळीवरच्या रस्त्यावर खाली आणा.

मग भरलेली गाडी घेऊन दारव्हा ते कारंजा जाऊन या. आधी ४०, मग ६०, मग ७५. हँडल दोन्ही बाजूंनी हलायला लागलं तर ब्रेक मारू नका आणि हँडल आवळून धरू नका. थ्रॉटल हळू सोडा, दोघांनी अंग पुढे घ्या, वेग आपोआप खाली येऊ द्या. थांबल्यावर याच क्रमाने पाहा: मागच्या टायरची हवा, स्टेचा ढिला बोल्ट, टेल बॅगेतलं वजन, आणि शेवटी स्टिअरिंगच्या बेअरिंगची ढिलाई. बहुतेक वेळा पहिल्या तिघांतच सापडते.

ब्रेकही त्याच रस्त्यावर तपासा. वीस किलो सामान आणि मागे माणूस असताना ६० वरून गाडी थांबायला किती जागा लागते, हे मोकळ्या रस्त्यावर एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. परतवाड्यावरून घाट चढायला लागला की वळणं लागतात, आणि उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिनने गाडी धरायची, नुसत्या मागच्या ब्रेकवर नाही.

टूलकिटात मागच्या चाकाचा एक्सल सुटेल तो पाना आहे का, हेही त्याच दिवशी खोलून पाहा. तुमच्या मॉडेलला स्पोकचे रिम असतील तर आत ट्यूब आहे. पुढची १९ ची आणि मागची १८ ची, दोन्ही ट्यूब न्या, मधे पावडर टाकून कापडात गुंडाळा. दोन टायर लिव्हर, पॅच किट, पंप. हे सगळं डाव्या बॅगेच्या तळाशी, पुढे. त्याच्या बरोबरीचं पाणी उजवीकडे, पत्र्यापासून लांब, बॅगेच्या बाहेरच्या अंगाला.